घरचा जमाखर्च : दूरचित्रवाणीचें मासिक देणें

मोठ्या कुटुंबाच्या जमाखर्चाच्या वहींत दोन प्रकारचे खर्च असतात. वाण्याचें बिल, दूध, भाजी, मुलांच्या शाळेची फी हे खर्च करतांना गृहिणी दहा वेळां विचार करते. दुसरे खर्च ठरलेल्या तारखेस मुकाट्यानें निघून जातात; रक्कम लहान असल्यामुळें त्यांच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. दूरचित्रवाणीचें देणें या दुसऱ्या वर्गांतलें आहे. वसई-विरारसारख्या ठिकाणीं, जेथें घराचे हप्ते आणि लोकलचे पास यांतच पगाराचा मोठा भाग जातो, तेथें या देण्याचा एकदां नीट हिशेब मांडणें उपयोगाचें होईल.

हें देणें आपल्या घरांत आलें कसें, तें आधीं पाहूं. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. पुढें वसईच्या कौलांवर अँटेना दिसूं लागल्या, तेव्हां मासिक वर्गणी अशी नव्हती. संचाचा परवाना काढावा लागे, आणि १९८५ सालीं तोही रद्द झाला. १९९१-९२ पासून उपग्रहावरून खाजगी वाहिन्या येऊं लागल्या, गल्लोगल्लीं केबलवाले उभे राहिले, आणि चित्राबरोबर महिन्याची वर्गणीही घरांत आली. माळ्यावर जुनी अँटेना पडली असेल, तर ती पुन्हां छपरावर चढविण्याचा खटाटोप मात्र कोणी करूं नये. दूरदर्शनचीं जुन्या पद्धतीचीं जमिनीवरील प्रक्षेपणें गेल्या कांहीं वर्षांत जवळजवळ सर्वत्र बंद झालीं आहेत.

आजचें बिल कशाचें बनतें? १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, नवी पद्धत अंमलांत आली. तींत बिलाचे दोन भाग झाले : जोडणीबद्दलचें शुल्क, आणि सशुल्क वाहिन्यांची किंमत. पहिल्याची कमाल मर्यादा १०० वाहिन्यांस १३० रुपये होती. १८ टक्के कर धरून १५३ रुपये ४० पैसे होत. २०२० सालीं त्याच पैशांत २०० वाहिन्या द्याव्या असें ठरलें. जुलै २०२४ मध्यें ही मर्यादाच उठविण्यांत आली. म्हणून आतां शुल्क किती, आणि घरांतील दुसऱ्या संचास कांहीं सूट आहे काय, हें ग्राहकानेंच विचारून घेतलें पाहिजे. एक हक्क मात्र कायम आहे : वाहिन्या सुट्या निवडतां येतात. केबलवाला सांगेल तो गठ्ठाच घेतला पाहिजे, असें नाहीं.

आतां एक उदाहरण घेऊं. समजा, पारनाक्याजवळील एका एकत्र कुटुंबांत तीन संच आहेत : एक दिवाणखान्यांत, एक वडीलधाऱ्यांच्या खोलींत, एक थोरल्या मुलाकडे. प्रत्येकाची जोडणी निराळी, महिना ३५० रुपयांची. महिन्यास १,०५० आणि वर्षास १२,६०० रुपये झाले. काटकसरीची पहिली पायरी फुकटची आहे. संचाजवळ एक कागद ठेवावा, आणि ज्यानें जी वाहिनी पाहिली तिचें नांव त्यानें त्यावर लिहावें. महिनाअखेर तो कागद वाचला, कीं शेंकडों वाहिन्यांपैकीं खरोखर किती पाहिल्या जातात तें कळेल, आणि उरलेल्या गठ्ठ्यास रजा देणें सोपें जाईल.

दुसरा उपाय डीडी फ्री डिश हा होय. डिसेंबर २००४ मध्यें डीडी डायरेक्ट प्लस या नांवानें ही सरकारी सेवा सुरू झाली. तिला मासिक वर्गणी नाहीं. तबकडी आणि सेट-टॉप बॉक्स एकदां विकत घ्यावा लागतो. साधारण दोन हजार रुपये धरावे. बॉक्स एमपेग-४ पद्धतीचा आहे ना, हें दुकानांतच विचारावें, कारण जुन्या पद्धतीच्या बॉक्सवर कांहीं वाहिन्या दिसत नाहींत. कांहीं नव्या संचांत ही सोय आंतच असते. तेथें तबकडीवरच भागतें. तबकडीचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. वसईहून पाहतां तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारें ५७ अंश उंच येतो. त्या बाजूस गच्चीला अगदीं लागून उंच इमारत किंवा नारळीचा झावळा आड येत असेल, तर पैसे खर्चण्यापूर्वीं विचार करावा. आणि सोसायटींत राहणारांनीं गच्चीची परवानगी आधीं घ्यावी.

या सेवेवर सह्याद्री वाहिनी मिळते. २००७ च्या कायद्यामुळें भारतीय पुरुष संघाचे अधिकृत एकदिवसीय आणि वीस षटकांचे सामने दूरदर्शनला द्यावे लागतात, तेही येथें पाहतां येतात. आयपीएल मात्र त्यांत येत नाहीं. लोकप्रिय मराठी मालिकांच्या सर्व वाहिन्या यावर नसतात, आणि खाजगी वाहिन्यांच्या जागा लिलावानें ठरत असल्यामुळें यादी बदलत राहते. घरांत जी मालिका पाहिली जाते तिची वाहिनी आज यादींत आहे कीं नाहीं, हें पाहूनच जुनी जोडणी तोडावी.

तिसरा उपाय इंटरनेटचा. प्रसार भारतीचें वेव्हज हें व्यासपीठ नोव्हेंबर २०२४ पासून सुरू झालें आहे, आणि सह्याद्रीचे कार्यक्रम यूट्यूबवरही असतात. मुलांच्या अभ्यासासाठीं व कचेरीच्या कामासाठीं घरांत ब्रॉडबँड असेलच, तर त्यावर एक संच चालविण्यास वेगळें कांहीं लागत नाहीं. केवळ दूरचित्रवाणीसाठीं ब्रॉडबँड घेणें निराळें. मोबाइलच्या डेटावर भिस्त ठेवूं नये. उत्तम प्रतीचें चित्र तासाला तीन गिगाबाइटपर्यंत डेटा खातें. सशुल्क व्यासपीठें एका वेळीं एकच घ्यावीं, आणि पाहून झालें कीं बंद करावीं. खात्यांतून आपोआप पैसे वळते होण्यापूर्वीं चोवीस तास आधीं सूचना मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा १ ऑक्टोबर २०२१ पासूनचा नियम आहे. ती सूचना वाचण्याचें काम घरांतील एकाकडे सोंपवावें. नेटफ्लिक्सनें २०२३ च्या जुलैपासून भारतांतही एक खातें एकाच घरापुरतें केलें. वेगळीं बिऱ्हाडें करणारांस हा नियम जाचला. एका छपराखालीं राहणाऱ्या कुटुंबास तो सोयीचाच आहे.

आतां हिशेब पुरा करूं. एक जोडणी निवडक वाहिन्यांसह २५० रुपयांत ठेवली, दुसऱ्या संचास फ्री डिश लावली, आणि तिसरा संच घरच्या ब्रॉडबँडवर घेतला, तर पहिल्या वर्षीं ३,००० आणि २,००० मिळून ५,००० रुपये लागतात. म्हणजे ७,६०० वांचले. पुढें दरवर्षीं ९,६०० वांचतील. पण ब्रॉडबँड नव्यानें महिना ६०० रुपयांनीं घेतला, तर त्याचेच वर्षास ७,२०० होतात, आणि ९,६०० पैकीं अवघे २,४०० उरतात. तार कापली म्हणजे पैसे वांचले, असें समजणारांनीं ही वजाबाकी जरूर करावी.

आपल्या बाजूच्या पावसाचाही विचार हवा. मुसळधार सरींत उपग्रहाच्या लहरी शोषल्या जातात, आणि तबकडीवरचें चित्र थांबतें. सर ओसरली कीं तें परत येतें. २०१८ च्या जुलैंत वसई पाण्यानें वेढली गेली व वीज गेली, तेव्हां कोणताच संच उपयोगी पडण्यासारखा नव्हता. म्हणून वांचलेल्या पैशांतून सेलवर चालणारा एक ट्रान्झिस्टर घ्यावा. मुंबईचें आकाशवाणी केंद्र १९२७ पासून बोलत आहे, आणि तें ऐकण्यास वर्गणी पडत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट आंकड्यांपलीकडची. काटकसरीची कात्री बहुधा तक्रार न करणाऱ्यावर आधीं चालते. मुलगा-सून विरारहून चर्चगेटच्या गाडींत मोबाइलवर हवें तें पाहतात. केबल गेली तरी त्यांचें कांहीं जात नाहीं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिना उतरवत नाहीं, आणि संध्याकाळची एक मालिका हाच त्यांचा दिवसांतला विरंगुळा असतो. त्यांना विचारलें तर त्या म्हणतील, “माझ्यासाठीं कशाला खर्च? बंद करा.” त्यांचा हा शब्द शब्दशः घेऊं नये. वर राखून ठेवलेली एक जोडणी त्यांच्या खोलींत असावी, आणि त्यांना एकाच रिमोटवर, एकाच बटणानें लावतां यावी. तरुणांच्या मोबाइलचीं रिचार्जेंही त्याच पानावर मांडावीं, म्हणजे कोणाच्या करमणुकीला किती पडतें, तें सर्वांना दिसेल. हा निर्णय जेवणें झाल्यावर सर्वांनीं बसून, वडीलमाणसांसमोर घ्यावा. वांचणाऱ्या पैशाचें काय करावयाचें, हें मात्र त्यांनाच ठरवूं द्यावें.