विनाशिकेवरचे नाव

पर्ल हार्बर येथे ८ डिसेंबर २०२१ रोजी अमेरिकेच्या आरमारात एक नवी विनाशिका दाखल झाली. जपानी विमानांनी त्याच बंदरात अमेरिकेच्या युद्धनौका बुडविल्या, त्याला आदल्याच दिवशी ऐंशी वर्षे पूर्ण झाली होती; आणि या नौकेला नाव मिळाले ते एका जपानी वंशाच्या माणसाचे, डॅनियल इनोये यांचे. नऊ हजार टनांहून अधिक वजनाची ही नौका आर्ली बर्क वर्गातील असून त्या वर्गाच्या सत्तरांहून अधिक विनाशिका अमेरिकेने बांधल्या आहेत. तेव्हा नवल नौकेचे नाही, नावाचे आहे.

इनोये यांचा जन्म १९२४ साली होनोलुलू येथे झाला. हल्ल्याच्या दिवशी हा सतरा वर्षांचा विद्यार्थी जखमींच्या शुश्रूषेस धावला. त्याच्या सरकारने मात्र लवकरच जपानी वंशाच्या तरुणांना ‘परकीय शत्रू’ ठरवून सैन्याची दारे लावून घेतली आणि मुख्य भूमीवरील सुमारे १,२०,००० जपानी वंशीयांना घरदार सोडावयास लावून काटेरी तारांच्या छावण्यांत डांबले. त्यांतील दोनतृतीयांश लोक अमेरिकेचेच नागरिक होते. जर्मन वंशाच्या नागरिकांवर असा सरसकट प्रसंग आला नाही, यातच काय ते समजावे. पुढे सैनिकांची गरज भासली तेव्हा १९४३ मध्ये याच लोकांची ४४२ वी रेजिमेंट उभी करण्यात आली. तीत असेही जवान होते की ज्यांचे आईबाप छावणीत कैद होते.

२१ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सान तेरेन्झोजवळच्या डोंगरकड्यावर इनोये यांनी पोटात गोळी लागलेली असता शत्रूच्या मशिनगनांवर चाल केली. हातबॉम्ब फेकणार तोच त्यांचा उजवा हात कोपरापाशी छिन्न झाला. मदतीला धावणाऱ्या सहकाऱ्यांना त्यांनी दूर राहण्यास सांगितले, निकामी मुठीतला बॉम्ब डाव्या हाताने सोडविला आणि नेमका फेकला. (त्याच महिन्याच्या ९ तारखेला इटलीतच, सेनिओ नदीकाठी, मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, तोही त्यांच्या देशाला पारतंत्र्यात ठेवणाऱ्या राज्यासाठी लढत असताना.) हात गमावून, गणवेशावर पदके लावून मायदेशी परतलेल्या इनोये यांचे केस कापण्यास कॅलिफोर्नियातील एका न्हाव्याने, ते जपानी वंशाचे म्हणून, नकार दिला.

सर्वोच्च शौर्यपदक त्यांना मिळाले ते २००० साली, पंचावन्न वर्षांनी. त्या दिवशी आशियाई वंशाच्या ज्या २२ सैनिकांना ते देण्यात आले, त्यांतील बहुतेक तोवर हयात नव्हते. तरीही अमेरिकेच्या बाजूने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. छावण्यांची सरकारी चौकशी व्हावी असे सुचविणाऱ्यांत सिनेटर इनोये होते. ती झाली, आणि १९८८ च्या कायद्याने सरकारने उघड माफी मागून हयात असलेल्या प्रत्येक कैद्याला वीस हजार डॉलर दिले. हे प्रायश्चित्त आधी घडले, नौकेचे बारसे मागाहून झाले. क्रम उलटा असता तर आम्ही त्या नावाला नुसती सजावट म्हटले असते.

हे लिहिताना आपलाही एक हिशेब आठवल्यावाचून राहत नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर आसाम, शिलाँग, दार्जिलिंग या भागांतील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवलीच्या छावणीत नेऊन ठेवण्यात आले. इंग्रजांनी आपल्या स्वातंत्र्यसैनिकांना जेथे स्थानबद्ध केले होते, तीच ही देवली. कैद्यांत भारतात जन्मलेले पुष्कळ होते, बायका होत्या, शाळकरी मुले होती. खटला नाही, आरोप नाही. आडनाव आणि चेहरा एवढाच पुरावा. काहींना सुटावयास चारपाच वर्षे लागली. सुटल्यावर घरे व दुकाने उरली नव्हती, म्हणून अनेकांनी देशच सोडला. युद्धाच्या धामधुमीत असे होतेच, हा युक्तिवाद आम्हांस ठाऊक आहे. तो अमेरिकेनेही केला होता, आणि पुढे स्वतःच मागे घेतला.

१९९० च्या ऑक्टोबरात अमेरिकेने माफीची पत्रे वाटण्यास आरंभ केला तेव्हा पहिला मान सर्वांत वृद्ध कैद्यांचा ठेवला. त्यांतील एक गृहस्थ १०७ वर्षांचे होते. देवलीला मालगाडीसारख्या आगगाडीतून गेलेली तेव्हाची मुले आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना दिल्लीहून अद्याप एका ओळीचेही माफीपत्र गेलेले नाही.