हाताला ग्रीस लागल्याने इज्जत जात नाही

गेल्या मे महिन्यात खामगावहून घरी आलो, गाडी दारात लावली, ती पुन्हा सुरूच होईना. सेल्फ फिरत होता, इंजिन पकडत नव्हते. मी बी.एड. झालेला माणूस. बॉनेट उघडले, दोन मिनिटे पाहिले आणि बंद केले. मग माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. नववीत त्याची शाळा सुटली. आज गॅरेजमधली पोरे त्याला उस्ताद म्हणतात.

त्याने बॉनेटला हातही लावला नाही. "सर, चाबी ऑन करो, सेल्फ मत मारो," म्हणाला आणि मागच्या सीटजवळ कान देऊन बसला. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप टाकीतच बुडालेला असतो. चावी ऑन केली की क्षणभर त्याची घरघर ऐकू येते. ती येत नव्हती. तरी त्याने लगेच पंपावर ठपका ठेवला नाही. आधी फ्यूज पाहिला, मग रिले बदलून पाहिला, मग पंपाच्या सॉकेटला टेस्ट लॅम्प लावला. करंट येतो आणि पंप फिरत नाही, म्हणजे पंपच गेला.

काम दारातच, उघड्या हवेत केले. पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. बिडी ओढत बघायला आलेल्या शेजाऱ्याला लांब पाठवले, माझा मोबाईल घरात ठेवायला लावला. सीट उचलून झाकणाभोवतीची धूळ ब्रशने साफ केली, कारण टाकीत कचरा गेला तर नवा पंपही टिकत नाही. लाइनमध्ये दाब उरलेला असतो म्हणून जोडावर फडके धरून पाइप हळूच सोडवला. काट्याचा तरंगता दांडा वाकू नये म्हणून पंपाचा संच तिरका करून बाहेर काढला. अख्खा संच न बदलता फक्त मोटर आणि जाळी नवी घातली, रबरी रिंगही नवी. तार जोडून चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ केली, गळती नाही हे पाहिले आणि मगच सेल्फ मारला.

जाताना विचारले, "सर, रिजर्वपेच चलाते ना गाडी?" मी गप्प. पंपाला थंड ठेवण्याचे काम टाकीतले पेट्रोलच करते, हे मला चाळिशी ओलांडल्यावर, त्याच्याकडून कळले.

आता मुद्द्यावर येतो. निरीक्षण, अंदाज, एकेक शक्यता तपासून बाद करणे, मग निष्कर्ष. पाठ टाचणात आम्ही शिक्षक हेच लिहितो. या मुलाने ते माझ्या दारात करून दाखवले. आणि अशा मुलांना आपल्या देशात 'पंक्चरवाले' म्हणून हिणवले जाते. समाजमाध्यमांवर ती मुसलमानांसाठी ठरलेली शिवी आहे. १४ एप्रिल २०२५ रोजी हिसारच्या सभेत खुद्द पंतप्रधान म्हणाले की वक्फच्या मालमत्तेचा प्रामाणिक वापर झाला असता, तर मुस्लिम तरुणांना पंक्चर काढून जगावे लागले नसते. वक्फवर वाद जरूर घाला. पण पंक्चर काढणे हे अधोगतीचे चिन्ह कधीपासून झाले? रात्री अकराला मेहकरच्या रस्त्यावर टायर बसला की तुम्ही कोणाला शोधता?

पण बाहेरच्यांवर राग काढून आपली सुटका होत नाही. लग्न जुळवताना "मुलगा गॅरेजमध्ये आहे" हे हळू आवाजात कोण सांगते? आपणच. आम्ही शिक्षकही तसेच. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथून जवळच, वर्ध्याला, गांधीजींनी बोलावलेल्या शिक्षण परिषदेने हस्तकौशल्यातून शिक्षणाची कल्पना मांडली. तिचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन. बी.एड.च्या परीक्षेत वर्धा योजनेवर आम्ही पानेच्या पाने लिहिली. आणि वर्गात काय म्हणतो? "अभ्यास नाही केलास तर पाने घेऊन गाड्यांखाली लोळशील!"

याचा अर्थ शाळा सोडा असा कोणी काढू नये. चौदा वर्षांच्या पोराची जागा वर्गातच आहे. माझ्या विद्यार्थ्याची शाळा सुटली ती घरच्या अडचणीने, आणि तेव्हा मी एकदाही त्याच्या घरी गेलो नाही. हुनर त्याने स्वतः कमावला. त्यात माझा काही वाटा नाही. कागद मात्र त्याच्याकडे एकही नाही. त्यामुळे कर्ज मागायला किंवा नोकरीला गेला की तो अडाणी ठरतो.

कागद मिळवण्याचे रस्ते आहेत. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येते. केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत काम करत शिकलेल्या हुनराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचीही सोय आहे, तिला आरपीएल म्हणतात. हे फॉर्म गॅरेजपर्यंत कोण नेणार? जलशांतून तालीमवर भाषणे देणाऱ्या आपल्यासारख्यांनीच न्यायला हवेत. प्रत्येक शिक्षकाने आपल्या हातून सुटलेला एक मुलगा शोधला तरी पुष्कळ होईल.

मी सतरा नंबरचा फॉर्म घेऊन त्याच्याकडे गेलो. तो गाडीखाली होता. "सर, मराठीमें पास होऊंगा क्या?" त्याने तिथूनच विचारले. मराठी मीच शिकवणार आहे, रविवारी, त्याच्याच गॅरेजमध्ये.