बेलग्रेडचा शोक आणि बेलग्रेडचा संताप

३ मे २०२३ रोजी सकाळी बेलग्रेडच्या मध्यवस्तीतील व्लादिस्लाव रिब्निकर प्राथमिक शाळेत १३ वर्षांचा एक विद्यार्थी वडिलांची दोन पिस्तुले घेऊन आला आणि त्याने शाळेचा रखवालदार व आपल्याच शाळेतील ८ मुले यांना गोळ्या घालून ठार केले. नंतर त्याने स्वतःच पोलिसांना दूरध्वनी केला आणि तो शाळेच्या आवारात त्यांची वाट पाहत थांबला. जखमी झालेली एक मुलगी १२ दिवसांनी मरण पावली आणि मृतांची संख्या १० झाली. या घटनेचा धक्का ओसरण्यापूर्वीच, दुसऱ्या दिवशी रात्री, म्लादेनोवात्सच्या परिसरातील खेड्यांत एका २० वर्षांच्या तरुणाने मोटारीतून हिंडत आणखी ९ जणांचे प्राण घेतले. सर्बियाने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला. शाळेसमोरच्या रस्त्यावर फुलांचे, मेणबत्त्यांचे आणि खेळण्यांचे ढीग साचले. पुढच्या सोमवारी मात्र तीच माणसे मूकमोर्चाने सरकारच्या दारापर्यंत चालत गेली. शोकाचा संताप कसा झाला आणि त्या संतापाचे पुढे काय झाले, हा प्रश्न सर्बियापुरता मर्यादित नाही.

मराठी वाचकाला बेलग्रेड आठवते ते टिटोंचे, आणि १९६१ साली तेथे भरलेल्या अलिप्त राष्ट्रांच्या पहिल्या परिषदेचे. त्या युगोस्लाव्हियाचे पुढे तुकडे झाले आणि १९९०च्या दशकातील युद्धांनी त्या भूमीवर एक वारसा मागे ठेवला : घरोघरची शस्त्रे. जिनिव्हाच्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेने २०१८ साली दिलेल्या अंदाजानुसार सर्बियात दर १०० नागरिकांमागे सुमारे ३९ बंदुका होत्या. या बाबतीत अमेरिका आणि येमेन यांच्या खालोखाल सर्बिया आणि माँटेनेग्रो यांचाच क्रम लागत होता. २०१३ साली वेलिका इवान्चा या गावात एका माजी सैनिकाने १३ जणांना ठार केले होते. तरीही शाळेत असे काही घडेल, तेही १३ वर्षांच्या मुलाच्या हातून, याची कल्पना कोणी केली नव्हती. हे अमेरिकेत घडते, आपल्याकडे नाही, अशी सर्बियातील सुशिक्षितांची समजूत होती.

अध्यक्ष अलेक्सांदर वुचिच यांच्या राजवटीने त्या आठवड्यात हातपाय हलवले नाहीत असे म्हणता येणार नाही. नवे शस्त्रपरवाने थांबवण्यात आले, जुन्यांची फेरतपासणी जाहीर झाली, शाळांवर पोलीस नेमण्याचा निर्णय झाला आणि बेकायदा शस्त्रे विनाशिक्षा परत करण्यासाठी मुदत देण्यात आली. पहिल्या आठवड्यातच साडेतेरा हजारांवर शस्त्रे लोकांनी आणून दिली. वुचिच यांनी स्मेदेरेवोजवळ त्यांचे प्रदर्शन मांडून पत्रकारांना दाखवले. बंदुकांच्या राशीत रॉकेट डागण्याची साधनेही होती. अमेरिकेतील अनेक राज्यांना दशकानुदशके जे साधलेले नाही, ते या सरकारने काही दिवसांत करून दाखवले, हे मान्य केले पाहिजे. मग लोक रस्त्यावर का आले ?

याचे उत्तर पहिल्या दोन-तीन दिवसांतील सत्ताधाऱ्यांच्या वागण्यात शोधावे लागते. शिक्षणमंत्री ब्रांको रुझिच यांनी मुलांचे मृतदेह शाळेतून हलले नाहीत तोच या प्रकाराचे खापर इंटरनेटवर, व्हिडिओ खेळांवर आणि तथाकथित पाश्चात्त्य मूल्यांवर फोडले. शाळांची व्यवस्था ज्यांच्याकडे, त्यांनी आग रामेश्वरी असताना बंब सोमेश्वरी धाडावा, याची लोकांना चीड आली. चार दिवसांत रुझिच यांना राजीनामा द्यावा लागला. त्याहून अधिक संताप आणणारी गोष्ट बेलग्रेडच्या पोलीसप्रमुखांनी केली. ज्यांना मारायचे होते त्या मुलांची नावे मारेकऱ्याने लिहून ठेवली होती. तो कागद त्यांनी पत्रकार परिषदेत कॅमेऱ्यांसमोर धरला. आपल्या मुलाचे नाव त्या यादीत आहे की काय, हे आईबापांना चित्रवाणीच्या पडद्यावरून कळावे, ही कोणत्या तपासाची गरज होती ? अनवधानाने झाले, असे फार तर म्हणता येईल. परंतु ज्या देशात चित्रवाणीच्या कॅमेऱ्यापुढे काहीही धरण्याची सवय राज्यकर्त्यांच्या अंगवळणी पडलेली असते, तेथेच असे अनवधान संभवते.

मोर्चेकऱ्यांनी आपल्या चळवळीला ‘हिंसेविरुद्ध सर्बिया’ असे नाव दिले आणि बंदुकांऐवजी या सवयीवर बोट ठेवले. गृहमंत्री ब्रातिस्लाव गाशिच आणि गुप्तचर खात्याचे प्रमुख अलेक्सांदर वुलिन यांनी पायउतार व्हावे, प्रसारमाध्यमांवर देखरेख करणारे मंडळ बरखास्त करावे, आणि ‘पिंक’ व ‘हॅपी’ या दोन चित्रवाणी वाहिन्यांचे राष्ट्रीय प्रक्षेपणाचे परवाने काढून घ्यावेत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. या वाहिन्यांवर रिअॅलिटी शोच्या नावाखाली शिवीगाळ आणि मारामारी तासन्‌तास चालत असे. गुन्हेगारीच्या जगातून आलेली माणसे तेथे नायक म्हणून मिरवत, आणि हेगच्या न्यायालयाने युद्धगुन्ह्यांत दोषी ठरवलेले पुढारीही सन्मानाने बोलावले जात. दर आठवड्याला मोर्चे निघत राहिले, शहरातील गाझेला पूल रोखून धरण्यात आला, आणि मे महिन्याच्या अखेरीस सरकारी चित्रवाणीच्या इमारतीभोवती माणसांचे कडे उभे राहिले.

या मागण्यांत एक कच्चा दुवा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या मुलाने जे केले त्याचा आणि ‘पिंक’ वाहिनीवरील भांडणांचा कार्यकारणसंबंध कोणालाही सिद्ध करता आला नसता. मंत्र्याने व्हिडिओ खेळांना दोष दिला तर ती पळवाट आणि मोर्चेकऱ्यांनी वाहिन्यांना दोष दिला तर ते सत्य, असा न्याय लावणे कठीणच. तरीही दोहोंत एक फरक राहतो. मंत्री ज्याकडे बोट दाखवत होते ते त्यांच्या हातातले नव्हते. मोर्चेकरी ज्याकडे बोट दाखवत होते ते मात्र सरकारी कृपेने मिळालेल्या परवान्यांवर चालत होते. या मुलाने असे का केले, या प्रश्नाचे उत्तर मोर्चेकऱ्यांजवळ नव्हते. आपण कोणत्या तऱ्हेच्या समाजात मुले वाढवत आहोत, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो विचारण्याचा अधिकार शोकाने त्यांना दिला होता.

सत्तारूढ पक्षाने आणि त्याच्या वृत्तपत्रांनी हा अधिकारच अमान्य केला. मुलांच्या चितेवर राजकारणाची पोळी भाजू नका, असाच त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. विरोधकांची गणना गिधाडांत झाली. ‘दुःखात राजकारण आणू नये’ हे वाक्य जगातील कोणत्याही सत्ताधाऱ्याच्या तोंडी शोभून दिसते, कारण त्यात सभ्यतेचा सूर असतो. पण त्याचा व्यवहारातील अर्थ पाहावा. राज्यकर्त्याने शाळेसमोर फुले वाहिली तर तो शोक, त्याच आठवड्यात त्याने शस्त्रांचे प्रदर्शन मांडले तर ते कर्तव्य, आणि नागरिकाने जाब विचारला तर तेवढे मात्र राजकारण ! शोक माणसाला खाली मान घालायला लावतो, संताप ती वर करायला लावतो. सत्तेला पहिली अवस्था मानवते यात आश्चर्य नाही.

संतापाला वाट मिळाली की काय होऊ शकते, याचे उदाहरण स्कॉटलंडमधील डनब्लेन या छोट्या गावाने घालून दिले आहे. १३ मार्च १९९६ रोजी तेथील प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत एका माणसाने १६ लहानग्यांना आणि त्यांच्या शिक्षिकेला ठार केले. त्याच्याजवळ चार पिस्तुले होती आणि चारही परवान्याची होती. या माणसाजवळ शस्त्र असू नये, असा इशारा एका पोलीस अधिकाऱ्याने १९९१ सालीच लेखी दिला होता, पण त्याच्या वरिष्ठांनी त्याची दखल घेतली नव्हती. तेथील पालक आणि त्यांचे स्नेही यांनी एकच मागणी केली : खासगी व्यक्तीजवळ पिस्तूल नको. त्या दिवसांत फुललेल्या एका रानफुलावरून चळवळीला ‘स्नोड्रॉप’ हे नाव मिळाले आणि सात लाखांवर सह्या जमल्या. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने सरसकट बंदी सुचवली नव्हती, परंतु हुजूर पक्षाच्या सरकारने अहवालाच्या पुढे जाऊन मोठ्या व्यासाच्या पिस्तुलांवर बंदी घातली. १९९७ साली मजूर पक्ष सत्तेवर येताच उरलेल्या .२२ व्यासाच्या पिस्तुलांवरही ती लागू झाली. लाख-दीड लाखांहून अधिक पिस्तुले सरकारजमा झाली. ब्रिटनमधील गोळीबार त्यामुळे संपले असे नाही. २०१० साली कंब्रियात १२ जण मारले गेले. पण डनब्लेनसारखे शाळेतील हत्याकांड तेथे पुन्हा घडलेले नाही. मागणी अरुंद होती, ती कायद्याच्या एका कलमात बसत होती आणि दोन्ही पक्षांना ती नाकारणे जड होते. संतापाला इतका नेमका पत्ता क्वचितच मिळतो.

अमेरिकेतील युवाल्डीत उलट अनुभव आला. टेक्ससमधील या गावात २४ मे २०२२ रोजी रॉब प्राथमिक शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. मारेकरी १८ वर्षांचा होता आणि त्याची रायफल कायदेशीर खरेदीची होती. एकूण ३७६ पोलीस आणि सुरक्षा कर्मचारी तेथे पोचले, तरी वर्गाचे दार ओलांडून त्याला मारायला ७७ मिनिटे लागली. बाहेर आकांत करणाऱ्या आईबापांना आवरण्यात मात्र पोलीस तत्पर होते. राज्यपाल ग्रेग अॅबट यांनी आरंभी याच पोलिसांच्या शौर्याचे गोडवे गायले आणि नंतर आपल्याला चुकीची माहिती देण्यात आल्याचे सांगितले. एवढे झाल्यावर, नोव्हेंबर २०२२च्या निवडणुकीत युवाल्डी परगण्याने बहुमत दिले ते अॅबट यांनाच. बळी गेलेल्या मुलांच्या पालकांना त्या रात्री काय वाटले असेल ! अशा रायफलीच्या खरेदीचे वय २१ करण्याचे विधेयक पुढच्या मे महिन्यात विधिमंडळाच्या समितीत संमत झाले, पण सभागृहासमोर मतदानाला आलेच नाही. संघराज्याच्या पातळीवर जून २०२२ मध्ये एक कायदा झाला आणि २१ वर्षांखालील खरेदीदारांची अधिक कसून तपासणी सुरू झाली. एका गावाचा टाहो जेथे शेजारच्या मतदारापर्यंतही पोचत नाही, तेथे यापेक्षा अधिक काही पदरात पडणे कठीण होते.

सर्बियाची गत या दोहोंच्या मध्ये कोठे तरी झाली. डिसेंबर २०२३च्या निवडणुकीत विरोधकांच्या आघाडीने ‘हिंसेविरुद्ध सर्बिया’ हेच नाव घेतले आणि ती दुसऱ्या क्रमांकावर आली. तिला एक चतुर्थांशाहून थोडी कमी मते पडली आणि वुचिच यांच्या पक्षाला त्याच्या जवळजवळ दुप्पट. ज्यांच्या राजीनाम्यासाठी लाखो पावले रस्त्यावर पडली, ते गाशिच मे २०२४ मध्ये संरक्षणमंत्री झाले. वुलिन यांनी गुप्तचर खाते सोडले खरे, पण त्याच मंत्रिमंडळात ते उपपंतप्रधान म्हणून परत आले. ‘पिंक’ने आपला ‘झाद्रुगा’ हा कुप्रसिद्ध कार्यक्रम बंद केल्याचा गाजावाजा केला आणि काही महिन्यांतच नवे नाव देऊन तोच खेळ पुन्हा मांडला. वाहिन्यांचे परवाने शाबूत राहिले.

मृत मुलांच्या आईबापांचा मार्ग मात्र मोर्चाहून वेगळा होता आणि अधिक खडतर होता. शाळेच्या इमारतीचे स्मारक व्हावे अशी त्यांची इच्छा होती. ज्या मार्गिकेत आपले मूल पडले, तेथून दुसरी मुले दप्तरे घेऊन जाताना पाहणे त्यांना सोसवेना. उलट, जी मुले वाचली त्यांना आपली शाळा हवी होती, त्यांच्या पालकांनाही हवी होती. या वादात खलनायक कोणीच नव्हता, म्हणूनच तो सुटणे अवघड होते. न्यायालयातही तीच कोंडी. सर्बियात १४ वर्षांखालील मुलावर फौजदारी खटला चालत नाही, तेव्हा मारेकरी आरोपीच्या पिंजऱ्यात कधी येणारच नव्हता. हे वय १२वर आणण्याचा विचार अध्यक्षांनी बोलून दाखवला, पण झालेल्या गुन्ह्याला तो लागू पडणार नव्हता. खटला चालला तो मुलाच्या आईवडिलांवर. वडिलांनी त्याला नेमबाजी केंद्रात नेले होते आणि पिस्तुले घरातच होती. डिसेंबर २०२४ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने वडिलांना साडेचौदा वर्षांची आणि आईला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी अमेरिकेत मिशिगनमधील एका न्यायालयानेही, २०२१ साली शाळेत चार मुलांना मारणाऱ्या किशोराच्या आईवडिलांना तुरुंगात धाडले होते. शस्त्र कोणाच्या हाती पोचले याचा जाब शस्त्रमालकाला, मग तो बाप का असेना, द्यावा लागेल हे तत्त्व यातून रुजत असेल तर ते स्वागतार्ह आहे. मात्र मुलाच्या वर्तनातील बदल शाळेत कोणाच्या लक्षात आला होता काय, हा पालकांचा प्रश्न अशा खटल्यात दुय्यम ठरतो.

बेलग्रेडचा संताप २०२३ साली विझला, असे त्या निवडणुकीनंतर म्हटले गेले. १ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी ११ वाजून ५२ मिनिटांनी नोवी साद येथील रेल्वे स्थानकाचे काँक्रीटचे छत कोसळले. स्थानकाचे नूतनीकरण नुकतेच झाले होते. मृतांची संख्या काही दिवसांत १५ वर गेली आणि लोक पुन्हा रस्त्यात येऊन उभे राहिले. या वेळी पुढे होते ते विद्यार्थी. त्यांच्यापैकी कित्येक जण २०२३च्या मे महिन्यात माध्यमिक शाळेत शिकत होते. रोज ११ वाजून ५२ मिनिटांनी चौकाचौकांत वाहतूक थांबवून ते १५ मिनिटे निःशब्द उभे राहू लागले, दर मृतामागे एक मिनिट. बेलग्रेडच्या नाट्यकला विद्यालयासमोर असेच उभे असताना २२ नोव्हेंबरला त्यांच्यावर हल्ला झाला आणि मग देशातील विद्यापीठेच बंद पडली. दुःखात राजकारण नको, हा जुना उपदेश या मुलांपुढे निरुपयोगी ठरला, कारण त्यांनी घोषणा दिली नव्हती, ते केवळ उभे होते. जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधान मिलोश वुचेविच यांनी राजीनामा जाहीर केला. मार्चमध्ये जखमींपैकी एक विद्यार्थी रुग्णालयात मरण पावला, तेव्हा १५ मिनिटांची १६ झाली.