ठशामागील हेस्टरबाई

जुना इंग्लिश चांदीचा चमचा उलटून पाहावा. दांड्याच्या मागें बारीक ठसे दिसतात. चालता सिंह सांगतो कीं हजार भागांत ९२५ भाग चांदी आहे, एक अक्षर परीक्षेचें वर्ष दाखवितें, आद्याक्षरें कारागिराचीं. मात्र शुद्धतेचा निवाडा कारागिराकडे नाहीं. लंडनच्या सोनारसंघाच्या वाड्यांत कस लागल्यावांचून तेथील मालावर सिंह उमटत नसे.

या ठशांत ‘एच्. बी.’ आढळल्यास तीं अक्षरें बहुधा हेस्टर बेटमन हिचीं. १७६० सालीं तिचा पति निवर्तला. त्यानें आपलीं हत्यारें तिच्या नांवें ठेविलीं होतीं. बाई निरक्षर. तरी १७६१ सालीं तिनें स्वतःचा ठसा नोंदविला आणि १७९० पर्यंत चमचे, चहादाण्या घडविणारा कारखाना चालविला. पुत्र, स्नुषा, पुढें नातूहि त्याच धंद्यांत आले.

सिंहानें धातु पाहिला. घडविणारी विधवा कीं पुरुष, हें पाहिलें नाहीं. गुणांपुढें लिंग व वय गौण, हें भवभूतीचें मत आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें पढविलें. विधवा सुनेच्या हातीं घरची हिशेबाची वही देण्याची वेळ येते, तेव्हां वाचकहो, तें आपणांस आठवतें काय?