नवा मीटर आला, वीज कमी जळेल का?

नवी मुंबईत ज्या इमारतींच्या खाली जुने मीटर निघून महावितरणचे नवे स्मार्ट मीटर लागले, तिथल्या घराघरांत सध्या एकच वाद आहे. अब्बा म्हणतात, आता बिल वाढणार. कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, मोबाइलवर सगळे दिसते, आता बचत होणार. ज्यांच्याकडे मीटर अजून आलेला नाही ते विचारतात, आला तर लावू द्यावा का? या महिन्याच्या घरखर्चाच्या पानावर आम्ही हाच प्रश्न घेतला आहे. बिल वाढण्याच्या भीतीबद्दल शेवटी लिहू. आधी बचतीचे पाहू, कारण 'स्मार्ट मीटर लावा, वीज वाचवा' हे इतक्या सहज बोलले जाते, जणू आपण उठून गेल्यावर खोलीतला पंखा मीटरच बंद करणार आहे.

थोडी पार्श्वभूमी हवी. केंद्र सरकारने २०२१ साली वीज वितरण सुधारण्याची योजना आणली, त्यात देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसवायचे ठरले. मूळ कल्पना प्रीपेडची होती, म्हणजे मोबाइलसारखे आधी पैसे भरा, मग वीज वापरा. महाराष्ट्रात त्याला मोठा विरोध झाला आणि जून २०२४ मध्ये राज्य सरकारने सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असे जाहीर केले. आता घरांत जो लागतो आहे तो पोस्टपेड आहे. वीज आधी, बिल महिन्यानंतर, पूर्वीसारखेच. त्याला 'टीओडी मीटर' असेही म्हणतात, कारण दिवसाच्या कोणत्या वेळी किती वीज वापरली याची नोंद तो ठेवतो. मीटरसाठी ग्राहकाकडून पैसे घेतले जात नाहीत, असे महावितरण सांगते. तेव्हा लावून देण्यासाठी कोणी हातावर काही ठेवायला सांगितले, तर ठेवू नये.

हा मीटर मोजतो आणि मोजलेले दूरवर कळवतो. एवढेच त्याचे काम. विजेचा एक कणही तो वाचवत नाही. मग ज्या देशांनी हे आधी केले त्यांचा अनुभव काय? आयर्लंडमध्ये २००९-१० मध्ये हजारो घरांत चाचणी झाली. नुसता मीटर नव्हे, तर वेळेनुसार दर, तपशीलवार बिल, काही घरांत आकडे दाखवणारा छोटा पडदा, असे सगळे दिले. एकूण वापर सरासरी अडीच टक्के घटला. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळचा वापर मात्र जवळजवळ नऊ टक्के कमी झाला. ब्रिटनमध्ये स्मार्ट मीटरबरोबर घरात ठेवायचा पडदा देतात, तिथेही सुरुवातीची सरकारी पाहणी दोन टक्क्यांच्या आसपासच घुटमळली. ऑक्सफर्डच्या सारा डार्बी यांनी २००६ साली अशा अनेक प्रयोगांचा आढावा घेतला. वापर डोळ्यांसमोर, लगेच दिसला तर ५ ते १५ टक्के बचत होते, आणि महिन्याने बिलातून कळला तर शून्य ते दहा, असे त्यांना आढळले.

आपल्या हिशेबात बोलू. महिना २५० युनिट वापरणाऱ्या घराचे अडीच टक्के म्हणजे सहा युनिट. साठ-सत्तर रुपये. एवढ्यासाठी घरात वाद नको! पण दहा टक्के झाले तर पंचवीस युनिट, आणि तिथे महिन्याच्या दुधाच्या हिशेबाला हातभार लागतो. दोन आणि दहा यांत फरक कशाने पडतो? आकडा कोणाला दिसतो आणि कधी दिसतो, याने.

इथे आपल्या घरांची खरी अडचण आहे. सिडकोच्या इमारती घ्या किंवा नव्या सोसायट्या, मीटर तळमजल्यावर, जिन्याखालच्या कोंदट खोलीत. तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाक करणारी बाई रोज खाली उतरून आकडा पाहणार नाही. नवा मीटर तो आकडा वर आणतो, हा त्याचा मोठाच फायदा मानला पाहिजे. पण वर आणतो कुठे? बहुतेक घरांत ज्याच्या नावावर बिल आहे त्या पुरुषाच्या मोबाइलमध्ये, आणि तो मोबाइल सकाळी साडेआठच्या लोकलने ठाण्याला किंवा सीएसएमटीला निघून जातो. गिझर, वॉशिंग मशीन, मिक्सर, इस्त्री, फ्रिज ज्यांच्या हाताखाली चालतात त्या अम्मी, भाभी, सुनेला आकडा कधी दिसतच नाही. रात्री घरी येऊन 'आज अकरा युनिट कसे जळले?' अशी झडती घेतली म्हणजे बचत होत नाही, भांडण होते. आमचे मत स्पष्ट आहे: महावितरणचे ॲप घर चालवणाऱ्या बाईच्या मोबाइलवर असले पाहिजे. ते जमत नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याने रोज तो आकडा घरी पाठवावा. दूधवाल्याचे खाडे ज्या कॅलेंडरवर लिहितो, त्याच चौकोनात आदल्या दिवसाचे युनिटही लिहावेत. महिन्याला २४० युनिटांत भागवायचे तर रोजचे आठ. हे गणित पोरांनाही कळते, आणि कॅलेंडर सगळ्यांचे असते.

नवा मीटर आला नसेल त्यांनीही थांबू नये. आताच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. तितक्या वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट. घरातल्या कोणाला तरी खाली उभे करा, वर गिझर सोडून सगळे बंद करा, आणि एक मिनिट लुकलुकी मोजा. मोजलेल्या संख्येला साठने गुणून ३२०० ने भागले (मीटरवर जो आकडा असेल त्याने), की तासाला किती युनिट ते निघते. मग सगळे बंद करून पुन्हा मोजा. दिवा तरीही लुकलुकत असेल तर घरात काहीतरी चालू राहिले आहे, किंवा वायरिंगमध्ये गळती आहे. अशा वेळी इलेक्ट्रिशियनला दाखवावे. ही तपासणी एका रविवारी होते आणि तिला कोणताही नवा मीटर लागत नाही.

मोजल्यावर बहुतेकांना धक्का बसतो तो पंख्यांचा. जुना पंखा ७५ वॅट घेतो. तीन पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला ऐंशी युनिटच्या वर जातात. बीएलडीसी पंखे त्याच कामाला साधारण ३० वॅट घेतात, म्हणजे बत्तीस युनिट. टीव्हीचा रिमोट दाबून झोपतो, पण सेट-टॉप बॉक्स चोवीस तास जागा असतो. दहा वॅटचा असला तरी महिन्याला सात युनिट. उलट मिक्सरचे लोक उगाच नाव घेतात. दहा मिनिटांच्या वाटणाला युनिटाचा साधारण दहावा हिस्सा लागतो. एसी २० वर ठेवून अंगावर दुलई घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे म्हणणे आहे. आणि हिवाळ्यात फज्रच्या वजूसाठी रात्रीच गिझर लावून ठेवण्याची सवय. साठवणीच्या गिझरमधले पाणी रात्रभर थंड होत राहते आणि तो पुन्हा पुन्हा तापवत राहतो. उठल्यावर पंधरा मिनिटे आधी लावला तरी पुरतो. वजूत पाणी वाया घालवू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवतात. ते पाणी तापवणाऱ्या विजेचाही इसराफच होतो. झोपण्यापूर्वी दिवे मालवा ही तर प्रेषितांची (स.) ताकीद आहे, आणि तीमागे आगीपासून जपण्याचे साधे व्यवहारी कारण होते.

आता वेळेच्या सवलतीचे. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत जाहीर झाली. ज्या घरात दिवसा आजी-आजोबा, लहान मुले असतात, तिथे पंखे आणि फ्रिज तसेही चालतात, म्हणून काही न करता थोडे पैसे सुटतात. दिवसाचे ऐंशी युनिट धरले तर त्या दराने चौसष्ट रुपये. पण त्यासाठी कपडे दुपारीच धुवायचे असा हट्ट धरण्यात फारसा अर्थ नाही. थंड पाण्यात कपड्यांची एक खेप पाव युनिटात होते. महिन्याच्या वीस खेपा दुपारी नेल्या तरी चार रुपये वाचतील. त्यापेक्षा बिलातले टप्पे पाहावेत: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, पाचशेच्या वर. शंभरानंतरच्या युनिटाचा दर पहिल्या टप्प्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. (शंभर ओलांडले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, हा समज चुकीचा आहे. तो फक्त वरच्या युनिटांना लागतो.) वेळ बदललेला युनिट काही पैसेच देतो, न जाळलेला युनिट दहा-बारा रुपये देतो, वर १६ टक्के वीज शुल्कही वाचते. आधी कोणते धरायचे हे सांगायला नको. दर बदलत राहतात, म्हणून ताजे बिल हातात घेऊन हिशेब करावा.

रमजानचा विचार मात्र आपल्यालाच करावा लागेल. सहरी पहाटे, इफ्तार संध्याकाळी, तरावीह रात्री. आपला बराचसा वापर नऊ ते पाचच्या बाहेर जातो. केंद्राच्या २०२३ च्या नियमांत दिवसा स्वस्त दर आहे, तशी गर्दीच्या वेळी जादा दराचीही तरतूद आहे. उद्या घरांना तो लागू करायची चर्चा निघाली तर वीज नियामक आयोग हरकती-सूचना मागवतो, तेव्हा आपल्या जमातींनी आणि सोसायट्यांनी हे म्हणणे लेखी मांडावे. नंतर बिल फाडून उपयोग नसतो.

आणि ज्यांच्या नावावर मीटरच नाही, त्यांचे काय? घणसोली, तुर्भे, तळोजा, दिघा इथल्या चाळींत आणि गावठाणांत एका मीटरवर चार खोल्या चालतात. प्रत्येक खोली महिन्याला ८० युनिट जाळते असे धरा. वेगळा मीटर असता तर चौघेही पहिल्या, स्वस्त टप्प्यात राहिले असते. एकत्र ३२० झाले की दोनशेवीस युनिट वरच्या दरांत जातात. त्यावर घरमालक सब-मीटर लावून सरसकट एकच चढा दर घेतो. स्मार्ट मीटर इथे फक्त एकूण आकडा दाखवणार, तोही मालकाला. भाडेकरूने पंखा बदलला काय नि न बदलला काय, त्याला काही दिसत नाही. अशा घरांत मीटर कितीही हुशार असला तरी बचत होणार नाही. आपल्या वाचकांत भाडेकरू आहेत तसे खोल्यांचे मालकही आहेत, त्यांना आमची विनंती आहे: शक्य तिथे भाडेकरूंसाठी वेगळी जोडणी घ्या, आणि तोवर महिन्याचे बिल त्यांच्यासमोर ठेवून, जितके भरले तितकेच वाटून घ्या. मापात कमी देणाऱ्यांच्या नावाने कुरआनात एक पूर्ण सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. युनिट हेही मापच आहे.

तेव्हा मीटर लावू द्यावा का? आमच्या मते, रोजचा आकडा पाहणारे कोणी घरात असेल तर जरूर, त्याचा उपयोग होईल. नसेल तर वापर आहे तसाच राहील, फक्त दिवसाची सवलत पदरात पडेल. लावताना जुन्या मीटरचा शेवटचा आकडा आणि नव्याचा पहिला आकडा, दोन्हींचा फोटो काढून ठेवा. पुढचे पहिले बिल त्याच्याशी ताडून पाहा, आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशीही. एप्रिलचे बिल जानेवारीच्या बिलाशी ताडून मीटरला दोष देऊ नये. तरीही संशय राहिला तर लेखी तक्रार करा. २०२४ मध्ये सुधारलेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे, मीटरचा आकडा वापराशी जुळत नाही अशी तक्रार आल्यावर वीज कंपनीने पाच दिवसांत दुसरा पडताळणी मीटर लावून किमान तीन महिने दोन्हींचे आकडे ताडायचे असतात. १९१२ वर फोन करता येतो, पण कार्यालयात अर्ज देऊन पोचपावती घ्यावी. दाद मिळाली नाही तर भांडुप परिमंडळाचा ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यापुढे विद्युत लोकपाल. तिथे लागतात ती कागदपत्रे म्हणजे ते दोन फोटो, बिले आणि ती पोचपावती.