स्वस्त फोनवरचं पायथॉन सांभाळायचं कोणी?

मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यातल्या बिरसा तहसिलीत मलाजखंडची तांब्याची खाण आहे. तिथे अवजड यंत्रं आहेत, ती चालती ठेवणारे अभियंते आहेत. पण याच तहसिलीतल्या एखाद्या खेड्यात, घरी गोंडी, पोवारी किंवा मराठी बोलणाऱ्या मुलीने प्रोग्रामिंग शिकायचं ठरवलं, तर तिच्या हाती लागणारं यंत्र बहुधा एकच असेल: घरातला फोन. ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणाने 2023 मध्ये ग्रामीण भारतातल्या 14 ते 18 वर्षांच्या मुलांची पाहणी केली. जवळपास 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. संगणक किंवा लॅपटॉप मात्र सुमारे 9 टक्क्यांच्याच घरी होता. सीबीएसईच्या अकरावी-बारावीत संगणकशास्त्र पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतून शिकवतात आणि घरी सराव संगणकावर होईल असं गृहीत धरतात. घरी संगणक नसलेल्यांना फोनवरच भागवावं लागतं.

फोनवर पायथॉन चालतं, पण ते आपोआप चालू झालेलं नाही. लिहिलेला प्रोग्राम वाचून यंत्राकडून काम करून घेणारा रनटाइम लागतो, आणि तो ज्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बांधला असेल तिथेच चालतो. दुसरीकडे न्यायचा तर त्याचा सांधा न् सांधा तपासावा लागतो. याला पोर्ट करणं म्हणतात. जगात हे काम मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवकांनी केलं आहे, रात्री जागून आणि सुट्ट्या खर्ची घालून.

अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच, म्हणून हे पोर्ट सोपं वाटेल. प्रत्यक्षात अँड्रॉइडची सी लायब्ररी वेगळी, तिचं नाव बायोनिक. लिनक्सवर हमखास सापडणारा ‘स्लॅश यूएसआर, स्लॅश बिन’ हा पत्ता अँड्रॉइडवर नाहीच, आणि असंख्य स्क्रिप्टांच्या पहिल्या ओळीत नेमका तोच लिहिलेला असतो. टर्मक्स या ॲपच्या स्वयंसेवकांनी मग अख्खा संसार ॲपच्या स्वतःच्या फोल्डरात हलवला आणि पॅकेजागणिक पॅच लिहिले. त्यामुळे आज टर्मक्समध्ये एका ओळीच्या आज्ञेने पायथॉन बसतं. दुसरी अडचण आणखी साधी आहे. नवशिक्या पहिल्या दिवशी ‘प्रिंट’ लिहून ‘नमस्कार’ छापतो. पण अँड्रॉइड ॲपमध्ये छापलेला मजकूर मुळात कुठेच पोचत नाही, सिस्टिम तो टाकून देते. चूक प्रोग्रामात नसते, तरी पडदा कोराच राहतो. म्हणून पोर्ट करणाऱ्यांना तो मजकूर अँड्रॉइडच्या लॉगकडे वळवावा लागला.

पायथॉनने अँड्रॉइडला अधिकृत जागा दिली ती 7 ऑक्टोबर 2024 रोजी, आवृत्ती 3.13 मध्ये. प्रस्ताव मॅल्कम स्मिथ यांचा होता. आयफोनसाठीचा तसाच प्रस्ताव रसेल कीथ-मॅगी यांनी लिहिला. कीथ-मॅगी यांनी ‘बीवेअर’ या मुक्त प्रकल्पातून कित्येक वर्षं हाच ध्यास घेतला होता. दोघांनाही ॲनाकोंडा या कंपनीने याच कामासाठी पगारावर घेतलं, आणि वर्षानुवर्षं बाहेर राहिलेलं पोर्ट मूळ प्रकल्पात आलं. निष्ठेने सुरू झालेल्या कामाला पगाराची जोड मिळाली की ते तडीला जातं, हे इथे स्पष्ट दिसतं.

तरीही अँड्रॉइडचं स्थान तिसऱ्या श्रेणीचं आहे. या श्रेणीत एका तरी मुख्य डेव्हलपरने जबाबदारी घेतलेली असावी लागते. पण तिथे काही मोडलं म्हणून पायथॉनची नवी आवृत्ती थांबत नाही. शिवाय हा अधिकृत आधार फक्त 64 बिटच्या अँड्रॉइडला आहे. जुना, 32 बिटचा फोन त्या यादीत नाही. घरात मोठ्यांनी वापरून झाल्यावर मुलांच्या हाती येणारे स्वस्त फोन पुष्कळदा याच जातीचे असतात. अधिकृत पोर्ट करणाऱ्यांनी त्यांना मुद्दाम वगळलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. मोजकी माणसं जेवढं तपासू आणि सांभाळू शकतात, तेवढ्याचीच हमी देतात. टर्मक्स अजून 32 बिटलाही पॅकेजं देतं, कारण ते सांभाळणारं कोणीतरी आहे. ज्या यंत्राच्या बाजूने काम करणारा माणूस नसतो, ते यंत्र यादीतून गळतं. बिरसा, बैहर, गोंदिया, गडचिरोलीच्या मुलांचे फोन यादीत राहायला हवे असतील, तर पोर्ट सांभाळणाऱ्यांत त्यांच्या भागातली माणसं असायला हवीत.

अशी माणसं आपल्याकडे तयार होतात, हे एकदा दिसलेलं आहे. ‘आकाश’ या सरकारी योजनेतल्या स्वस्त टॅबलेटची दुसरी आवृत्ती 11 नोव्हेंबर 2012 रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आली. प्रकल्पाची धुरा आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्याकडे होती. तिथल्या अभियंत्यांनी आणि विद्यार्थ्यांनी अँड्रॉइडच्या आत लिनक्सचं छोटं वातावरण बसवलं आणि त्यातून सी, सी प्लस प्लस, पायथॉन आणि सायलॅब सात इंची पडद्यावर चालवून दाखवलं. स्वस्त यंत्रावर खरं प्रोग्रामिंग होऊ शकतं, हे त्यांनी बारा-तेरा वर्षांपूर्वी सिद्ध केलं. पण ते काम एका योजनेला आणि एका टॅबलेटला बांधलेलं होतं. 2015 मध्ये प्रकल्प आटोपला. अँड्रॉइड मात्र दरवर्षी बदलत राहिलं, आणि पोर्ट केवळ एका टप्प्यावर पूर्ण करून भागत नाही. ते कोणत्या तरी संस्थेने कायमचं अंगावर घ्यावं लागतं.

श्रेयाचा हिशोबही चोख हवा. 1995 पासून ‘ब्लॅकडाउन’ नावाच्या स्वयंसेवक गटाने सन कंपनीची जावा ही प्रोग्रामिंग भाषा लिनक्सवर आणली. डिसेंबर 1999 मध्ये सनने इनप्राइज कंपनीच्या साथीने लिनक्ससाठी जावा 2 जाहीर केली आणि त्या घोषणेत ब्लॅकडाउनचं नावसुद्धा नव्हतं. स्वयंसेवक संतापले, सनला जाहीर माफी मागावी लागली. फुकट काम करणाऱ्याला पैसे मिळत नाहीत, निदान नाव तरी मिळालं पाहिजे. तेही नाकारलं तर पुढचा माणूस पुढे येत नाही.

काही जण म्हणतील, हे बड्या कंपन्यांचं काम, जिल्ह्याच्या कॉलेजातल्या पोरांना ते झेपायचं नाही. कंपन्या आपल्या ग्राहकाचं यंत्र आधी पाहतात, त्यात गैर काही नाही. पण झेपण्याचा मुद्दा अर्धाच खरा आहे. पोर्ट म्हणजे सगळंच कंपायलर लिहिण्याइतकं अवघड नसतं. पायथॉनसोबत त्याच्या स्वतःच्या चाचण्यांचा मोठा संच येतो. तो एखाद्या फोनवर चालवणं, कोणती चाचणी पडली ते नोंदवणं, ती नेमकी कशामुळे पडते हे शोधत एका छोट्या उदाहरणापर्यंत आणणं आणि बग नीट मांडणं, हे काम तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी निश्चित करू शकतो. पोर्ट सांभाळणाऱ्या मेंटेनरला त्याचीच सर्वात जास्त गरज असते.

आज मात्र बीसीए आणि अभियांत्रिकीच्या मुलांचे शेवटच्या वर्षाचे प्रकल्प म्हणजे तीच ती ग्रंथालयाची नोंदवही, तीच हजेरीची प्रणाली. तोंडी परीक्षा संपली की फाईल कपाटात जाते. गोंदिया जिल्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत आहे. या विद्यापीठाने मुक्त सॉफ्टवेअरच्या पोर्टवर केलेलं, मूळ प्रकल्पाने स्वीकारलेलं काम प्रकल्प म्हणून गुणांस पात्र धरावं. सीमेपलीकडे बालाघाटच्या कॉलेजांनीही तेच करावं. प्रत्येक तुकडीने आधीच्या तुकडीचं काम पुढे न्यावं, आणि एका प्राध्यापकाच्या कार्यभारात त्यासाठी तास धरावेत. राज्य सरकारांनी चाचणीसाठी जुने, वापरलेले फोन आणि एक साधा सर्व्हर पुरवला तर खर्च किरकोळ आहे.

सुरुवात कुठून करायची हेही ठरलेलं आहे. बिरसा-बैहर आणि गोंदियाच्या शिकणाऱ्या मुलांच्या घरी नेमके कोणते फोन आहेत, अँड्रॉइड किती जुनं आहे, 32 बिट की 64, याची यादी करायची. त्यातल्या चार-पाच फोनांवर पायथॉनच्या चाचण्या चालवायच्या आणि निकाल मेंटेनरांकडे पाठवायचे. यंदाच्या तुकडीला एका सत्रात एवढं करता येईल.