ताप पूर्वीही यायचा!

“डॉक्टरसाहेब, आमच्या लहानपणीही परभणी अशीच तापायची. माणसानं हवामान बिघडवलं, हे सगळं थोतांड!” ओपीडीत हे नेहमी ऐकतो. हिवाळ्यात पारा तीन-चार अंशांवर उतरला की हा सूर आणखी चढतो.

शंका घ्यावी, पण तिचे उत्तरही तपासावे. एका सकाळचा पारा म्हणजे हवामान नव्हे. रुग्णाचा तापही आम्ही तक्त्यावर पाहतो. १८५०-१९०० च्या तुलनेत पृथ्वीचे सरासरी तापमान एक अंशाहून अधिक वाढले आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत २८० वरून ४२० च्या पुढे गेला आहे. दोष सूर्याचा असता, तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो उलट थंड होतो आहे. कोळसा व खनिज तेलातील कार्बनची अणुखूण वेगळी असते. हवेतल्या वाढीव कार्बनमध्ये तीच सापडते.

ताप पूर्वीही यायचा, म्हणून आजच्या तापाचे कारण शोधायचे नाही का? कारण नाकारले की उपाय लांबतो. मे महिन्यात भरदुपारी राबणाऱ्या मजुराला सावली, पाणी आणि सकाळची कामाची वेळ आजच हवी आहे. आपल्या वादाची किंमत तोच मोजतो.